समुद्रात कयाक, मस्टरवर कुणीच नाही

पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा वाचा. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, या सहलीचा माझा खर्च मित्राने केला होता. ते लपवून पुढचं लिहिलं तर ती पोस्ट राहणार नाही, जाहिरात होईल.

मित्र म्हणजे वागळे इस्टेटमधला गाळेवाला. त्याचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. फॅब्रिकेशनचं काम. वडिलांच्या वेळेला गाळ्यात चौदा माणसं होती, आता पाच आहेत. आजूबाजूच्या शेड पाडून काचेच्या इमारती झाल्या, कॉल सेंटर आली, पासपोर्टवाल्यांची रांग आली. याच्या वेल्डिंगचा आवाज आता बाजूच्या ऑफिसवाल्यांना त्रास देतो. दोन वर्षांपूर्वी त्याला मासेमारीचं वेड लागलं. आपल्याकडचं गळ टाकून बसणं नव्हे. कयाकवरून समुद्रात आत जायचं, रॉड आणि रीलवर मोठा मासा धरायचा, फोटो काढायचा, जमलं तर सोडून द्यायचा. रात्री दोन वाजता हवाई, फ्लोरिडा, पनामाचे व्हिडिओ मला पाठवायचा. एक माणूस प्लास्टिकच्या छोट्या होडीत बसलाय आणि त्याच्याएवढा मासा त्याला ओढत नेतोय.

कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी. लाकडाचा नाहीतर हाडाचा सांगाडा, वरून सीलचं कातडं. आता ती पॉलिथिलीनची असते. साच्यात प्लास्टिकची पावडर टाकायची आणि साचा भट्टीत फिरवत ठेवायचा. मित्राने पहिल्यांदा कयाक हाताने ठोकून पाहिली आणि म्हणाला, "अरे, ही तर आपली गच्चीवरची पाण्याची टाकी! फक्त आडवी झोपवलीय."

त्याच दिवशी त्याच्या डोक्यात धंदा शिरला. टाक्या करणारा ओळखीचा होता. साचा बनवायचा, डझनभर कयाक काढायच्या, कोकणात कुणाला तरी हाताशी धरायचं आणि ठाण्या-मुंबईची पैसेवाली मंडळी घेऊन जायची. मी काय करायचं? मी लिहायचं. मी ज्या पेपरला बातम्या देतो तिथे कोकण पर्यटनाची पुरवणी निघणार होती. अर्धं पान याची जाहिरात, अर्धं पान माझा लेख. पत्रकारितेची पदविका घेताना हे शिकवलं नव्हतं, पण वीस वर्षांत शिकलोय. बातमीचे पैसे किती मिळतात ते विचारू नका. पुरवणीचे बरे मिळतात.

तर गेल्या फेब्रुवारीत आम्ही मालवण तालुक्यात गेलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल.

माझं मूळही तिकडचंच. बाबा १९७४ साली ठाण्याला आले. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही वागळे इस्टेट. त्या काळात कोकणातल्या घरटी एका पोराला इथल्या कुठल्यातरी कंपनीचा गेट पास हवा असायचा. बाबा किनाऱ्यावरचे, हात गरीवर बसलेला. प्रेस मशीनवर लागले. रविवारी मला घेऊन कळव्याच्या बाजूला खाडीवर जायचे. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस, एक शिसं, एक गळ, आमिषाला कोलंबी. रॉड नाही, रील नाही. आमच्या घरात त्याला 'फिशिंग' म्हणत नसत. "गरवायला जाऊया" म्हणत. खाडीचं पाणी काळं होत गेलं तसं ते गरवणंही संपलं.

आता गाईडबद्दल. वय अठ्ठावीस-एकोणतीस. घरचा धंदा मासेमारीचा. बारावीनंतर पुण्यात एका हॉटेलात काम केलं, लॉकडाऊनमध्ये परत आला. एका परदेशी पाहुण्याने जाताना त्याला रॉड दिला, तिथून सुरुवात. स्वतःच्या दोन कयाक, दोन उसन्या. यूट्यूबवर बघून गाठी शिकला. पण समुद्र यूट्यूबवर शिकला नव्हता, हे पहिल्या तासात कळलं.

पहिल्या दिवशी त्याने आम्हाला किनाऱ्यावरच ठेवलं. मित्र वैतागला. पैसे भरलेत आणि हा वाळूत बसवतोय. तो म्हणाला, आधी पडायला शिका. कमरेएवढ्या पाण्यात कयाक उलटी करायची, आपण खाली, मग ती सरळ करून पोटावर वर चढायचं. असं दहा वेळा. मी सातव्याला रडकुंडीला आलो. लाईफ जॅकेटचे पट्टे त्याने स्वतः ओढून पाहिले. शिट्टी गळ्यात. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, तटरक्षक दलाचा १५५४ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये. रॉडला दोरी, वल्ह्याला दोरी. "जां बांधलेला नाय, तां आपला नाय," असं त्याचं वाक्य.

मग रील. माशाने जोर लावला की तंगूस तुटण्याऐवजी सुटत जावा म्हणून रीलला ब्रेक असतो. दोरीची जेवढी ताकद, त्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश जोरावर तो लावायचा. मोठ्या बोटीवर मासा बोटीला हलवू शकत नाही. कयाकवर मात्र मासा कयाकला ओढतो, म्हणजे होडीच एक ब्रेक होते. मासा ओढत नेऊन दमतो. जुन्या काळी नॅन्टकेटचे देवमासे मारणारे हार्पून लागल्यावर असेच ओढले जात, त्या प्रकाराला त्यांनी गमतीने बर्फावरच्या गाडीचं नाव दिलं होतं. पण एक अट असते. दोरी नाकाच्या दिशेला पाहिजे. आडवी गेली आणि मासा जोरात निघाला तर माणूस पाण्यात.

सुरमई हवी असेल तर गळाच्या वर तारेचा तुकडा, कारण तिचे दात तंगूस कापतात. गोबरा हवा असेल तर खडपाजवळ तळाला आमिष. सोडून द्यायचा मासा असेल तर गोल वळलेला गळ, तो बहुतेक वेळा पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. हे सगळं तो मालवणीत सांगत होता आणि मित्र वहीत लिहून घेत होता. चाळीस वर्षांची ओळख आहे आमची, शाळेत त्याने वही कधी उघडलेली मी पाहिली नव्हती.

दुपारी त्याने समुद्राकडे हात करून एक रेषा दाखवली. तिकडे अभयारण्य. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात गाभा ३.१८ चौरस किलोमीटरचा. "तिकडे मासो उडी मारून कयाकीत इलो तरी नको." स्थानिक मच्छीमारांचा या अभयारण्याला पहिल्यापासून विरोध आहे, त्याच्या घरच्यांचाही होता. तरी तो ती रेषा पाळतो. का, विचारलं. म्हणाला, माझं चुकलं तर सगळ्या गावाला बोल लागेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. तीन कयाक आणि मागे फायबरची छोटी होडी, तिच्यावर त्याचा चुलतभाऊ. सोबत मशीनची होडी असल्याशिवाय तो गिऱ्हाईक नेत नाही. होडीचं डिझेल-पेट्रोल, भावाची मजुरी, सगळं त्याच्या पैशातून. दुसरे काही जण स्वस्तात नेतात, होडी न घेता. मित्राने आदल्या रात्री हाच हिशोब मला मांडून दाखवला होता, "ही होडी काढली तर मार्जिन किती वाढेल बघ."

किनाऱ्यापासून साडेतीन-चार किलोमीटरवर असू. पहाटेचा मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. जाताना तो पाठीवर असतो, बरं वाटतं. दुपारनंतर वारा फिरतो आणि समुद्राकडून आणतो. कोकणातली शिडाची होडी याच हिशोबावर शतकानुशतकं गेली-आली. गाईडने हैदराबादच्या 'इन्कॉइस'चा अंदाज फोनवर पाहिला होता, आणि त्याशिवाय आजोबांनी शिकवलेलं आकाशही पाहिलं होतं. दोन्ही ठीक म्हणाले.

साडेसातच्या सुमाराला मित्राचा रॉड वाकला. आधी हिसका नाही, नुसतं जड झालं, खडपात अडकल्यासारखं. मग ते 'खडप' चालायला लागलं. रीलमधून दोरी जाण्याचा तो आवाज मी व्हिडिओत शंभरदा ऐकला होता, खरा ऐकला तेव्हा पोटात गोळा आला. मित्राची कयाक फिरली, नाक समुद्राकडे झालं आणि तो आमच्यापासून दूर जायला लागला. तो ओरडत होता, आनंदाने. मी काय केलं? फोन काढला आणि शूटिंग सुरू केलं. लेखासाठी.

गाईड त्याच्या बाजूला गेला. दोरीचा कोन बघितला आणि हसून म्हणाला, "सुरमय नाय, गोबरोय नाय. तळाक बसता नि चलता. वागळी असतली. वागळ्यातले वागळीक गावले!" आम्ही तिघंही हसलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वागळी म्हणजे पाकटासारखा चपटा मासा, मोठी झाली तर माणसाच्या पसरलेल्या हातांपेक्षा रुंद.

पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मित्राचे हात थरथरायला लागले होते. मग माझ्या लक्षात आलं की किनाऱ्यावरची माडांची रांग आता नीट दिसत नाहीये. ओहोटी लागली होती, वारा पडायचा सोडून वाढला होता, आणि खालून ते जनावर. तिन्ही एकाच दिशेला. गाईडने मागच्या होडीला शिट्टी मारली. होडी आली नाही. चुलतभाऊ दोरी ओढत होता, मशीन नुसतं खोकत होतं. त्याने नांगर टाकला, म्हणजे तो तिथेच राहिला आणि आम्ही पुढे. फोनला रेंज नव्हती.

गाईडचं हसणं बंद झालं. आवाज मात्र तोच. "दादा, आता वारो आयकाचो नाय. ह्यो मासो आपल्याक नेता हा, आपण माशाक नाय. दोरी कापूया."

मित्र म्हणाला, "दहा मिनिटं. दमलाय तो."

दहा मिनिटं झाली. "अजून पाच." मी ओरडलो, "अरे सोड ना!" त्याने माझ्याकडे जसं बघितलं तसं कधी बघितलं नव्हतं. म्हणाला, "तुला काय कळतंय? दोन वर्षं थांबलोय मी याच्यासाठी."

आता मला वाटतं तो फक्त माशाबद्दल बोलत नव्हता. गाळा, कर्ज, पाच माणसांचे पगार, काचेच्या इमारतींच्या मध्ये उरलेली ती एक शेड. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मोठं त्याच्या दोरीला लागलं होतं.

गाईडने वाद घातला नाही. कयाक चिकटवली, कमरेची सुरी काढली, मूठ मित्राकडे केली. "तुमीच कापा. मी कापलंय तर जलमभर माका बोल लावशात. मासो गेलो तर दुसरो गावतलो. तुमी गेलास तर?"

मित्र सुरीकडे बघत राहिला. मग त्याने दोरी कापली. ते जनावर आम्हाला शेवटपर्यंत दिसलं नाही. वागळीच होती की आणखी काही, तेही सांगता येणार नाही.

परतीचं फारसं सांगण्यासारखं नाही, कारण मी त्यात काहीच केलं नाही. समोरून वारा, लाटा छोट्या पण सतत. अर्ध्या तासात मला उलट्या सुरू झाल्या. गाईडने माझी कयाक आपल्या कयाकला बांधली आणि दोन माणसांचं वजन एकट्याने ओढलं, तासभर तरी. मित्र बाजूने वल्हवत होता, एक शब्द न बोलता. शेवटी मशीन सुरू झालं, होडी आली, आम्हाला वर घेतलं. चुलतभावाच्या हाताला दोरी ओढून फोड आले होते.

किनाऱ्यावर रापण लागली होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो. होडीने समुद्रात अर्धवर्तुळात जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या माणसांनी किनाऱ्यावरून ओढायच्या. गावाचं सामायिक काम, मासे वाट्याने. मी वाळूत आडवा पडलो होतो. मित्र उठला आणि काही न बोलता जाऊन दोरीला लागला. कुणी त्याला विचारलं नाही तू कोण. जाळं आलं. फार काही नव्हतं, तारली, थोडे बांगडे, दोन-चार पेडवे. वाटे झाले तेव्हा एका म्हाताऱ्याने त्याच्या हातात सहा-सात बांगडे ठेवले. हात लावला, वाटा मिळाला. मित्र ते बांगडे धरून उभा होता, त्याचा मी फोटो काढला नाही.

संध्याकाळी गाईडच्या पडवीत बसलो. त्याच बांगड्यांचं तिखलं होतं. मी वही काढली, म्हटलं आता मुलाखत. त्याने मलाच विचारलं. "दादा, तुमी पेपरवाले. माका एक सांगा. आज मी बुडलंय असतंय, तर माझ्या घरच्यांक काय गावला असता?"

मी सांगायला लागलो, प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांचा अपघात विमा आहे, मृत्यू झाला तर पाच लाख. तो म्हणाला, माहीत आहे. तो मच्छीमाराला. मासे मारताना मेलो तर मी मच्छीमार. गिऱ्हाईक घेऊन कयाकवर मेलो तर कोण? एका कार्यालयात विचारलं, तर म्हणाले, कयाक म्हणजे जलक्रीडा, तिकडे जा. तिकडे गेला तर म्हणाले, मासे धरता ना, मग मत्स्य खात्याकडे जा. दोन्हीकडून लेखी काही नाही. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षण, सुरक्षेची साधनं, विमा, सगळं आहे. कागद चांगला आहे. पण या पोराचं काम दोन कागदांच्या मधल्या फटीत पडतं.

आणि गंमत बघा. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बिगर यांत्रिक होड्यांना त्यातून सूट. ती सूट गरीब पारंपरिक मच्छीमारासाठी आहे, रास्तच आहे. पण कयाकला मशीन नसतं. उद्या एखादा हुशार माणूस म्हणेल, मी पावसाळ्यात पण नेतो, दाखवा कायद्यात कुठे लिहिलंय. खवळलेल्या समुद्रात पाण्याची आडवी टाकी, आणि तिच्यावर अंधेरीचा कुणीतरी.

ऐकता ऐकता मला माझ्या बाबांचा हात आठवला. १९८६ मध्ये प्रेसमध्ये त्यांची दोन बोटं पेरापासून गेली. वागळे इस्टेटच्या कामगार रुग्णालयात नेलं. उपचार झाले, सुट्टीचे पैसे मिळाले, नुकसानीची पेन्शन थोडी का होईना आली. कारण १९४८ चा कामगार विमा कायदा होता आणि बाबांचं नाव मस्टरवर होतं. त्याच महिन्यात त्याच शेडमध्ये कंत्राटाच्या एका पोराचा हात गेला. त्याचं नाव मस्टरवर नव्हतं. त्याला रिक्षात घालून गावच्या गाडीला बसवून दिलं. बाबा ही गोष्ट बोटांबद्दल सांगताना नेहमी शेवटी सांगायचे. "माझी बोटां गेली ती दिसतत. त्याचो अख्खो हात गेलो, तो खंयच दिसाक नाय."

हा गाईड म्हणजे तोच कंत्राटाचा पोर. फक्त शेडला छप्पर नाही.

आणि दोष द्यायचा तर आधी मी माझ्यापासून सुरुवात करतो. चार वर्षांपूर्वी मी बातमी केली होती, 'ठाण्यातील तिघे पर्यटक बालंबाल बचावले'. तिघांची नावं, वयं, कुठल्या सोसायटीत राहतात, फोटो. त्यांना कुणी वाचवलं? बातमीत लिहिलंय 'स्थानिकांनी'. एवढंच. फोन करून नाव विचारायला दोन मिनिटं लागली असती.

परतताना गाडीत मित्र पनवेलपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "लेख लिही, पण हे सगळं नको लिहू. माणसं घाबरतील." मी म्हटलं, घाबरलीच पाहिजेत. मग आमचं भांडण झालं. त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. तो म्हणाला, तू धोका लिहिलास तर साहेबलोक येऊन आधी त्या पोराचं बंद करतील. जे होडी न घेता नेतात त्यांचं चालूच राहील, कारण ते कुणाला मुलाखत देत नाहीत. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणूनच गावाचं नाव नाही, गाईडचं नाव नाही, फोटो नाही. गाईडला ही पोस्ट आधी वाचून दाखवली आहे. तो म्हणाला, लिहा, पण दिशा दाखवू नका.

पुरवणीतला लेख मी दिला नाही. अर्धं पान मी सोडलं, तर अर्ध्या पानाची जाहिरातही गेली, आणि त्याचं कमिशनही. त्याबद्दल ऑफिसात काय ऐकावं लागलं ते इथे नको.

आता काही जण म्हणतील, ही पैसेवाल्यांची चैन, बुडाले तर बुडू देत, आम्हाला काय त्याचं. मलाही अर्धं तसंच वाटायचं. म्हणून दुसरी बाजू सांगतो. त्या किनाऱ्यावर रापणीत मासे कमी का आले, हे त्या म्हाताऱ्याला विचारा. पर्ससीनवाल्यांशी मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांचा झगडा जुना आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. २०२१ मध्ये राज्याने १९८१ चा सागरी मासेमारी कायदा दुरुस्त करून दंड वाढवले. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरला, त्याहून लहान मासा धरायचा नाही. कागदावर बरंच झालंय. रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की दूरवर उजेड दिसतो तो दिसतोच, असं गावातला प्रत्येक माणूस सांगतो.

अशा ठिकाणी एक पोरगा एका गिऱ्हाइकाला एका गळावर एक मासा धरायला शिकवतो, लहान असेल तर सोडायला लावतो, आणि त्यातून होडीवरच्या भावाचीही मजुरी निघते. टनावारी मासा उपसण्यापेक्षा हे वाईट आहे का? गावात तरुण टिकावा असं आपण भाषणात म्हणतो. हा टिकलाय. त्याला फक्त कुठल्यातरी मस्टरवर घ्यायचंय.

अमेरिकेत पैसे घेऊन मोटरबोटीतून माणसं न्यायची तर कोस्ट गार्डचा परवाना काढावा लागतो. फ्लोरिडात गाईडच्या परवान्यात त्याच्या गिऱ्हाइकांचा मासेमारीचा परवाना धरला जातो, म्हणजे जबाबदारी कुणाची हे आधीच ठरलेलं. सगळं तिकडचं उचलून आणा असं माझं म्हणणं नाही. माझ्या मागण्या साध्या आहेत आणि आमच्या आमदार-खासदारांपैकी जे कुणी ही पोस्ट वाचतील त्यांच्यासाठी लिहितो.

मत्स्य विभाग आणि पर्यटन विभागाने बसून ठरवावं की गळाच्या मासेमारीला गिऱ्हाईक नेणारा गाईड कुणाच्या अखत्यारीत, आणि ते लेखी द्यावं. नोंदणी करताना किनाऱ्यावरच्या मच्छीमार कुटुंबातल्या मुलांना आधी घ्यावं, नाहीतर उद्या ठाण्याचे गाळेवाले आणि पुण्याच्या कंपन्या मालक होतील आणि हीच मुलं रोजंदारीवर. (हे वाक्य मित्राने वाचलंय. तो काही बोलला नाही.) सोबत मशीनची होडी आणि जॅकेट सक्तीचं करावं, पावसाळ्यात पूर्ण बंद. आणि गाईड म्हणून गेला तरी त्याचा मच्छीमाराचा विमा चालू राहील, एवढी एक ओळ कुठल्यातरी शासन निर्णयात घालावी.

मित्राचं सांगायचं राहिलं. साच्याचा विचार त्याने सोडलेला नाही. पण परवा गाळ्यावर गेलो तर तो गाईडशी फोनवर बोलत होता. टाकी नाही, कयाक नाही. त्या होडीच्या जुन्या मशीनचा एक भाग तिकडे मिळत नव्हता, तो इथे लेथवर करून घेत होता. किती पैसे लावणार, मी विचारलं. म्हणाला, "चहा पी आणि जा."

ज्यांना त्या भागात कयाकवर जायचंय त्यांनी मला नंबर मागू नका. कुणाहीबरोबर गेलात तरी निघण्याआधी एकच विचारा, मागे होडी आहे का? नसेल तर किनाऱ्यावर बसा. रापण लागली असेल तर दोरीला हात लावा. वाटा मिळतो.